टेबलाखाली बे दुणे पाच

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. माझा जन्म शाळेतल्या मोडक्या बाकांतून झाला. सुताराने फळ्यांना रंधा मारून मला उभे केले, पण खालची बाजू तशीच राहू दिली. टेबलाचे पोट कोण बघणार, असे त्याला वाटले असावे. त्यामुळे कुणा विद्यार्थ्याने कर्कटकाने कोरलेले ‘बे दुणे पाच’ तिथे अजून आहे.

एका घड्याळजी काकांनी मला विकत घेतले. त्यांची बायको, म्हणजे काकू, शहरात बस चालवतात. त्यांचा मुलगा माझ्यावरच दूध सांडत, गणिते चुकवत मोठा झाला. पाहुणे म्हणायचे, “टेबल आहे की हत्ती! हलायचं नाव नाही.” पुढे मुलगा नोकरीसाठी दूर गेला आणि माझे दिवस फिरले. एका कोपऱ्यात दोन ताटल्या, बाकी सगळीकडे घड्याळांची चाके, काटे आणि स्प्रिंगा. खणात चिमटे. मला आठवडेच्या आठवडे ओले फडके लागत नसे.

मग एके दिवशी काकूंनी माझ्यावर एक अर्ज ठेवला.

“हे काय आणलंस?” काकांनी विचारले.

“तात्पुरतं पालक व्हायचा अर्ज. कुणाची आई आजारी पडते, कुणाच्या घरी अडचण येते. तेवढे दिवस मूल आपल्याकडे राहतं, मग घरी जातं.”

“म्हणजे लळा लावायचा आणि परत द्यायचं? नसते उद्योग!”

“मी रोज शेकडो माणसं बसमध्ये घेते आणि उतरवते. मला सवय आहे.”

काकांनी कुरकुरत सही केली, पण एकाच मुलापुरती. मग प्रशिक्षण झाले, घराची तपासणी झाली. बालकल्याण कार्यालयाच्या बाईंनी गॅसची नळी पाहिली, खिडक्या पाहिल्या, मलाही हलवून पाहिले. मी हलले नाही.

दोन महिन्यांनी त्याच बाई आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन मुले होती. सात वर्षांची ताई आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ. त्यांच्या आईचे पाठीचे मोठे ऑपरेशन झाले होते आणि सांभाळायला दुसरे कोणी नव्हते.

“धाकट्यासाठी वेगळं घर बघितलंय,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुमची परवानगी एकाचीच आहे ना. त्याला आत्ता तिकडे सोडते.”

ताईने ते ऐकले. ती भावाला ओढत तडक माझ्याखाली शिरली. एका हातात भाऊ, दुसऱ्या हातात माझा पाय. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला इतके घट्ट कोणी धरले नव्हते!

काकूंनी बिस्किटे दाखवली. बाईंनी समजावले. ताई हलेना. शेवटी काका गुडघे सांभाळत खाली बसले आणि त्यांनी माझ्याखाली डोके घातले. ते टणकन आपटले. धाकटा खुदकन हसला.

“लागलं?” ताईने विचारले.

“टेबलाला विचार,” काका डोके चोळत म्हणाले.

ताईने वर पाहिले. “इथे चुकलंय. बे दुणे पाच लिहिलंय.”

“अरेच्चा! मी इतकी वर्षं इथे जेवतोय, मला कोणी सांगितलंच नाही. मग किती?”

“चार.”

काकांनी आधी ताईकडे, मग धाकट्याकडे पाहिले. मग तिथूनच ओरडले, “बाई, आम्ही दोघं, ही दोघं. बे दुणे चार! दोघांचे कागद करा.”

“अहो, पण दुसरी खोली तुमच्या घड्याळांनी भरलीय!” काकू म्हणाल्या.

“संध्याकाळपर्यंत रिकामी करतो. कोण येतंय मदतीला?”

माझ्याखालून एक हात वर झाला.

बाईंनी साहेबांना फोन लावला, अर्धा तास हुज्जत घातली आणि परवानगी मिळवली.

मग काय, घर गजबजले! धाकट्याने माझ्यावर रंगीत खडूंनी हत्ती काढले. काकूंचे फडके दिवसातून चारदा माझ्यावरून फिरू लागले. दर रविवारी मुले आईला भेटायला इस्पितळात जात आणि आल्यावर तिच्या गोष्टी मला टेकून सांगत.

एकदा काकांनी माझा खण उघडला, तर आत पावाचे तुकडे आणि मुंग्यांची रांग. ताई जागीच थिजली. काकांनी शांतपणे आपले चिमटे उचलले आणि खणात एक डबा ठेवला.

“हा खण आता खाऊचा. भूक लागली की घ्यायचं, विचारायचं नाही. फक्त झाकण लाव, मुंग्यांना आमंत्रण नको.”

पहिले काही दिवस डबा रोज रिकामा व्हायचा. मग तो भरलेलाच राहू लागला. ताईला आता उद्याच्या जेवणाची खात्री पटली होती.

चार महिन्यांनी आई काठी टेकत मुलांना न्यायला आली. “तुमचे उपकार कसे फेडू?” असे म्हणत तिने हात जोडले.

“उपकार कसले? आधी जेवून घ्या,” काकू म्हणाल्या. त्या दिवशी पाच ताटल्या मांडल्या गेल्या.

मुले गेली. काकू माझ्यावर डोके टेकून रडल्या.

“तुला तर सवय होती ना?” काकांनी हळूच विचारले.

“बसमधून उतरताना कुणी पापा देत नाही हो!”

काकूंना हसू आले आणि रडूही. पुढच्या महिन्यात कार्यालयाचा फोन आला. काकूंच्या आधी काकांनीच उचलला.

“एक मुलगी आहे, पाच वर्षांची,” बाई म्हणाल्या.

“एकच?” काकांनी विचारले.

मित्रांनो, आम्हा टेबलांना पुसत जा, आमच्यावर कर्कटक चालवू नका, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी, वर्गात एखादी नवी मुलगी आली आणि गप्प उभी राहिली, तर तू कुठून आलीस, का आलीस, असे विचारत बसू नका. जरा सरकून बसा. बाकीचे ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा.