गळ्यावरून उतरणारी रेघ

“थांबवा जरा,” तोयोको ताई म्हणाल्या.

मी बटण दाबलं. पडद्यावर माझी बायको, सुमिए, स्थिर झाली. रेघ तिच्या छातीपाशी येऊन थांबली होती.

“मागे घ्या. परत सोडा.”

मी परत सोडलं. आधी नुसता फोटो आला. मग वरून एक आडवी रेघ खाली सरकू लागली आणि ती जसजशी उतरली तसतसं फोटोच्या कडेला उभं लिहिलेलं नाव एकेका अक्षराने उमटत गेलं. ओची सुमिए. मला ते आवडलं होतं. ताईंच्या हातात सोललेलं संत्रं होतं, पण त्यांनी एकही फोड तोंडात टाकली नव्हती.

“हिसाशिसान, तुम्ही नाव बघताय. गळा बघा.”

मी गळा बघितला. रेघ हनुवटीखाली येईपर्यंत किमोनोची डावी बाजू वर होती. रेघ पुढे सरकली तशी ती आत गेली आणि उजवी बाजू तिच्यावर आली. उजवी बाजू वर घेऊन आम्ही फक्त मृतांना नेसवतो.

मागच्या वसंतात ताईंनीच आपल्या धाकट्या बहिणीला, सुमिएला, तसं नेसवलं होतं. हाच फिकट निळा किमोनो.

“हे कोणी केलं?” ताईंनी विचारलं.

“मीच. दुसरं कोण आहे घरात?”

“गिरणीत मागांवर होतात तेव्हा एखादा भाग असा उलटा नाही बसवलात कधी.”

“मागावर उलटं बसवलं की दोरा तुटतो. लगेच कळतं. फोटो काही बोलत नाही.”

आयुष्यभर मी टॉवेलच्या गिरणीत माग दुरुस्त केले. कॉम्प्युटरला हात लावला तो सुमिए गेल्यावर. चिनात्सुचं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि मेजवानीत दाखवायची फोटोंची फिल्म करायचं काम मी मागून घेतलं. तिने एकच गोष्ट सांगितली होती, “आईचं नाव एकदम नको यायला, बाबा. हळूच येऊ दे. ती खोलीत यायची ना, तसं.”

ते कसं करायचं हे मला समाजकेंद्रातल्या कान्नोसाननी शिकवलं. ते पूर्वी पोस्टमन होते, आता म्हाताऱ्यांचे कॉम्प्युटरचे वर्ग घेतात. म्हणाले, “सोपं आहे. एकच फोटो दोनदा ठेवायचा. पहिल्यावर नाव नाही, दुसऱ्यावर आहे. मधे वाइप, म्हणजे सरकती रेघ, घालायचा, वरून खाली. बघणाऱ्याला वाटतं, फोटो जागेवरच आहे आणि नाव आपोआप लिहिलं जातंय.”

एकच फोटो दोनदा. मी तो दोनदा स्कॅन केला. पुठ्ठ्याच्या चौकटीतली जुनी पारदर्शक स्लाइड होती ती. काचेवर सुलटी ठेवा, नाहीतर उलटी, सारखीच बसते. दुसऱ्यांदा ती माझ्याकडून उलटी ठेवली गेली असणार आणि डावं-उजवं बदललं. सुमिए समोर बघत उभी, मागे आमच्या घराची पांढरी भिंत. डावं-उजवं कळायला दुसरं काहीच नव्हतं. फिल्म बघताना तिचा चेहरा जरासा हलल्यासारखा वाटायचा खरा. मला वाटलं, माझेच डोळे भरून येतायत.

“काढूनच टाका हा फोटो,” ताई म्हणाल्या. “परवा लग्न. मुलाकडची सगळी माणसं समोर बसलेली असणार. आणि चिनात्सु. तिच्या नजरेतून सुटेल होय?”

“हा काढला तर नाव कुठे घालू?”

“दुसऱ्या फोटोवर घाला.”

“दुसरा दाखवा मला.”

मी सगळे फोटो त्यांच्यासमोर सरकवत नेले. चिनात्सु पोहतेय, सुमिएचा नुसता हात आणि टॉवेल. चिनात्सु सायकलवर, मागे सुमिएची सावली. शाळेची सहल, सुमिए डबा उघडायला वाकलेली, तोंड दिसतच नाही. एकटी, सरळ उभी, समोर बघणारी ती या एकाच फोटोत होती.

ताईंनी शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, “नेहमीचंच. कुणी कॅमेरा काढला की ही भांडी घासायला जायची.”

हॉलवाल्यांनी डिस्क संध्याकाळपर्यंत मागितली होती. मी कपाटातून ती चौकट काढली, सुलटी करून परत स्कॅन केली आणि जागेवर बसवली. गळा बरोबर आला, पण रेघ उतरताना चेहरा केसभर बाजूला उडी मारत होता. परत केलं. आता खाली उडी मारली.

“धक्का बसल्यासारखी दिसतेय,” ताई म्हणाल्या.

“चौकट दर वेळी तशीच बसत नाही. काय करू?”

“मुलीला विचारा. लाजताय कशाला?”

“लग्नाच्या घाईत आहे ती.”

“मग मी लावते फोन.”

त्यांनी लावला आणि माझ्या कानाला धरला.

“बाबा, परत स्कॅन कशाला करताय?” चिनात्सु म्हणाली. मागे कुठेतरी केस वाळवायच्या यंत्राचा आवाज चालू होता. “त्याच फोटोची कॉपी करायची. फोटोवर उजवं बटण दाबा. ‘कॉपी’ दिसतंय?”

“दिसतंय.”

“ते दाबा, शेजारी चिकटवा आणि त्या कॉपीवर नाव लिहा. झालं.”

“एवढंच?”

“एवढंच. काय झालं होतं पण?”

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“काही नाही. फोटो जरा हलत होता.”

“आई हलायचीच फोटोत,” चिनात्सु म्हणाली आणि फोन ठेवला.

मी कॉपी केली, नाव लिहिलं. बाजूला राहिलेल्या उलट्या फोटोवर बोट नेलं आणि थांबलो.

“हाच ना उलटा?” मी विचारलं.

ताई जवळ सरकल्या. “हाच. त्या दिवशी मी तिला नेसवत होते तर माझा हात सारखा डावी बाजू वर घ्यायला जायचा. शेवटी अंत्यविधीवाल्या बाईंनी माझं मनगट धरून वळवलं. वर्ष झालं, डोळे मिटले की ती मला तशीच दिसते.”

“मलाही.”

“मग बघत काय बसलाय? पुसा.”

मी पुसला.

रेघ वरून निघाली. कपाळ, डोळे, हनुवटी. नाव उमटत गेलं. रेघ गळ्यावरून खाली गेली आणि डावी बाजू वर होती तशीच वर राहिली. शेवटचं अक्षर पूर्ण झालं. सुमिए जागची हलली नाही. माझ्या खांद्यातला पीळ सुटला. कधीपासून होता तेही मला माहीत नव्हतं.

“परत सोडा,” ताई म्हणाल्या. या वेळी त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. “हं. आता नाव वाचता आलं मला.”

डिस्क घेऊन मी स्वतः हॉलवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने ती लावून बघितली आणि सगळं ठीक आहे म्हणाली. मी तिला तो भाग पुन्हा एकदा लावायला सांगितला. तिने लावला.

लग्नाच्या मेजवानीत आमचं टेबल रीतीप्रमाणे सगळ्यात मागे होतं. माझ्या एका बाजूला तोयोको ताई, दुसऱ्या बाजूला सुमिएची रिकामी खुर्ची. तिच्यापुढेही ताट वाढलं होतं, शिंपल्यांच्या सूपची वाटी झाकलेली. दिवे मंद झाले. पोहणारी चिनात्सु आली, सायकल आली, सहल आली, लोक हसले. मग पांढरी भिंत आली. ताईंनी टेबलाखाली माझी बाही घट्ट धरली.

रेघ उतरू लागली. पुढच्या टेबलावरचा कुणीतरी शेजाऱ्याला म्हणाला, “नवरीची आई.” दुसरा म्हणाला, “छान दिसायच्या.” रेघ गळ्यावरून गेली. नाव पूर्ण झालं. समोर चिनात्सु ताठ बसून पडद्याकडे बघत होती, हळूच खोलीत आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

ताईंनी बाही सोडली. मग माझ्यासमोरून हात लांब करून त्यांनी सुमिएच्या वाटीवरचं झाकण उचललं आणि बाजूला उताणं ठेवलं. सूप अजून गरम होतं.