डावं फूल

तुळसाने सुई-दोरा मुलीपुढे सरकवला आणि म्हणाली,

"ओव बघू."

सावित्रीने एका झटक्यात दोरा ओवला. मग तुळसाने तिला सुपारी कातरायला लावली. विहिरीवरून भरली कळशी आणायला लावली, पाय ओढते की काय ते दिसावं म्हणून. बांगड्या बघण्याच्या निमित्ताने हात हातात घेतला आणि कोपरापर्यंत कुठे कोडाचा डाग आहे का तेही बघून घेतलं. काही म्हणता काही नाही. दात चांगले, केस जाड, आवाज खणखणीत. तुळसाच्या मनात पाल चुकचुकली. एवढी धडधाकट पोर आपल्या मुक्याबहिऱ्या भावाला कोण देतं? वर खोट दिसत नाही, म्हणजे ती खोल असणार.

"द्यायचं-घ्यायचं काय नाय म्हणता," ती मुलीच्या बापाला म्हणाली. "आमच्या केरूत असं बघितलंत तरी काय?"

धोंडू गुहागरचा, एका मचव्याचा मालक. पान जुळवता जुळवता तो थांबला.

"मी कुठला बघतो, बाय! पोरीनंच सांगितलंन. माझा मचवा दुरुस्तीला काढलेला, तेव्हा केरू महिनाभर हितं होता. ही भाकरी घेऊन जायची. आता दुसऱ्या स्थळाचं नाव काढलं की जेवत नाय."

"आणि बोलतात काय गो ती दोघं?"

"ता मला काय ठाऊक? हसतात मात्र सारखी."

ते हसणं तुळसाला झोंबलं. केरूचं बोलणं एकट्या तुळसाला कळायचं, असं ती आज पंचवीस वर्षं जगाला सांगत आली होती. त्याच्या खुणा तिनेच त्याला शिकवलेल्या. जयगडच्या खाडीत त्याच्यासारखा कारागीर नव्हता. होडीच्या पोटाला डावा तळवा लावायचा, उजव्या हाताने हातोडी मारायची, आणि कानाला न कळणारी कुजकी फळी त्याच्या हाताला कळायची. होड्यांवरचे तांडेल दापोलीपासून त्याला न्यायला येत. पण येत ते तुळसाकडे. बोलणी ती करी, हो-नाही ती सांगे. एडनच्या बोटीवर गेलेला नवरा परत आला नाही तेव्हापासून ती माहेरीच होती, आणि केरूची बहीण म्हणून गावात तिला जो मान होता तो तिला खलाशाची बायको म्हणून कधी मिळाला नव्हता.

निघताना सावित्री पाया पडली आणि हळूच म्हणाली,

"आक्का, तुमची खूण मला ठाऊक हाय."

"कसली खूण?"

सावित्रीने दोन्ही भुवया जवळ आणून कपाळाला अशी काही आठी घातली की धोंडूला हसू आवरेना. तुळसाने मात्र ओठ घट्ट मिटले. केरूला तिने आपल्या नावाची खूण शिकवली होती ती हनुवटीवरच्या तिळाची. घरात तो तीच करी. बाहेर गेला की ही करतो तर, मेला!

तरीने खाडी ओलांडताना तिला राग आला, आणि रागाच्या मागोमाग नेहमीची ती दुसरी गोष्ट आली. केरू तीन वर्षांचा, अंगभर गोवर, आई शेतावर. पोराला काळोख्या खोलीतून हलवू नको, वारा लागू देऊ नको, असं बजावून गेलेली. आणि बारा वर्षांच्या तुळसाला बंदरात मुंबईची बोट आलेली बघायची होती. पोराला काखेत मारून ती धावली. भर वाऱ्यात उभी राहून तिने त्याला बोटीचा भोंगा ऐकवला. त्या रात्री ताप चढला, तो उतरला तेव्हा केरू हाकेला वळेना. गोवर कानात उतरला, असं सगळे म्हणाले. तीही तेच म्हणाली. आई मरेपर्यंत तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याला आपण सांभाळायचं, मरेस्तोवर आपणच सांभाळायचं, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

सोमवारी देवीला कौल लावायचा ठरला. लग्नाचा प्रश्न कौलाशिवाय सुटत नसे. गुरव गाऱ्हाणं घाली, पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओलं फूल चिकटवी. उजवं आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. भागोजी गुरव माणूस मायाळू होता. उजवं फूल तो जरा हलक्या हाताने लावतो, असं गावात सगळ्यांना वाटे आणि कुणी मोठ्याने बोलत नसे.

केरूसाठी यापूर्वी तीन स्थळं आली होती. तिन्ही वेळा तुळसाने गाऱ्हाणं सांगितलं ते असं: स्थळात खोट असेल तर उजवं दे. बोलायला किती साधं, काळजीवाल्या बहिणीला शोभेल असं! तिन्ही वेळा उजवं पडलं, म्हणजे खोट निघाली. तिन्ही वेळा तिने शेजारी उभ्या असलेल्या केरूला खूण केली, देवी नको म्हणते. त्याने पडलेल्या फुलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तो गुमान घरी आला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला. त्याला काय वाटलं ते तिने विचारलं नाही.

शिरोड्याला सत्याग्रहींनी मीठ उचललं त्याच्या दुसऱ्या वर्षाचा तो वैशाख होता. देवळात उकडत होतं. धोंडू बाहेर सभामंडपात बसला. आत पाषाणासमोर भागोजी, तुळसा आणि धुतलेला सदरा घातलेला केरू.

"काय गाऱ्हाणं घालू, तुळसाबाय?" भागोजीने विचारलं.

"नेहमीचंच. स्थळात खोट असेल तर उजवं दे."

भागोजीने मान वळवून तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"चौथ्यांदा?"

"का? खोट बघू नये माणसानं?"

"बघावी की," तो म्हणाला आणि त्याने फुलं भिजवली.

तुळसाने त्याच्या बोटांवरची नजर काढली नाही. उजवं फूल त्याने दाबलं का? जास्त दाबलं का? धोंडूने ह्याला आधीच गाठलं नसेल कशावरून? भागोजीने गाऱ्हाणं घातलं, "व्हय म्हाराजा" स्वतःच म्हटलं, आणि तिघं वाट बघत उभी राहिली. पाषाणावरून पाण्याचा एक ओघळ खाली आला. डावं फूल कलंडलं, थोडं सरकलं आणि पडलं.

खोट नव्हती.

भागोजीची पाठ होती, तो अजून काही बोलला नव्हता. तुळसाला लगेच सुचलं की अजून काही बिघडलेलं नाही. केरूला गाऱ्हाणं कुठे ऐकू आलंय? डावं पडलं एवढंच त्याने बघितलं. डावं म्हणजे नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. यावेळी तर खोटं सांगायचीही गरज नव्हती, नुसतं तोंड पाडलं की पुरे. मग तोच लग्नाला नको म्हणेल, आणि धोंडू मुकाट परत जाईल.

तोंड पाडून ती त्याच्याकडे वळली.

केरू हसत होता. सगळे दात दिसतील असा, कानापर्यंत हसत होता. डोळ्यांत पाणी होतं.

त्याला समजलं नाही, असं तिला आधी वाटलं. तिने पडलेल्या फुलाकडे बोट केलं. त्याने जोरजोरात मान हलवली, हो, हो, डावं! मग त्याने तिच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि हाताचा पंजा पालथा केला. होडी डागडुजीला पालथी घालतात, तेव्हा गड्यांना तो हीच खूण करी. पुन्हा तिचं तोंड, पुन्हा पालथा पंजा. तू उलटं विचारतेस. शेवटी त्याने तीन बोटं वर केली.

तुळसा मटकन खाली बसली. तीनदा उजवं पडताना त्याने बघितलं होतं. इतरांच्या घरी उजव्या फुलामागून नवरी येते, हेही बघितलं होतं. आणि तीनदा तो तिच्या मागून गुमान घरी चालत आला होता, तिने केलेली पेज प्यायला होता. तिला लाज वाटली, इतकी की देवीकडे मान वर होईना. आणि मग त्या लाजेच्याही तळातून एक भीती वर आली. हे जर ह्याला ठाऊक होतं, तर बोटीचं? तीन वर्षांच्या पोराला काय आठवतं, काय नाही, कोण सांगणार?

केरूने वाकून तिच्या दंडाला धरलं आणि तिला उभं केलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून काही कळत नव्हतं. आज पहिल्यांदाच कळत नव्हतं.

बाहेरून धोंडूचा आवाज आला.

"काय झालं गो, तुळसाबाय? केरूचं म्हणणं काय?"

भागोजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने पदराने डोळे पुसले, केरूच्या पाठीला हात लावला आणि त्याला दाराकडे पुढे केलं.

"त्यालाच विचारा," ती म्हणाली.