मिस्त्रींचं नाक

मिस्त्रींनी इंजिनातली ऑइलची पट्टी नाकापाशी धरली, डोळे मिटले आणि खोटीच मान डोलावली.

"पेट्रोल उतरलंय ऑइलात."

"आला का वास?" उबवणीवाल्या बाईंनी विचारलं.

"तर!"

वास कसला येतोय? ऑइल पातळ झालं होतं आणि खुणेच्या वर चढलं होतं, एवढंच त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हिवाळ्यात तापानं अंथरूण धरलं, ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आणि हे नाक म्हणजे साधं नव्हे. इंजिनाचं झाकण उघडताच हे मिस्त्री वासावरून रोग सांगतात, असा गावभर बोलबाला. घरात दूध करपून काळं झालं तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते, तेव्हा बायकोला कळलं. "लोकांना सांगून टाका," ती रोज म्हणायची. पण हलवायाची जीभ गेली तर तो गावात दवंडी पिटेल का? मिस्त्री मूग गिळून बसले होते.

सकाळपासून वीज नव्हती. बाईंच्या उबवणी यंत्रातली अंडी आज-उद्या फुटायची होती आणि त्या खोलीच्या भिंतीपलीकडचा हा जनरेटर सुरू होऊन दोन मिनिटांत मान टाकत होता.

"थंडावली तर सगळी जातील हो," बाई म्हणाल्या.

"बघतो ना."

त्यांनी पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या तिन्ही नळ्या सोडवल्या. एक टाकीकडून येणारी, एक कार्बोरेटरकडे जाणारी. तिसरी बारीक नळी इंजिनाच्या पोटातून नुसता हवेचा धक्का आणते. ती कोरडी हवी. बोट घातलं तर ओलं आणि गारेगार. म्हणजे पंपातला पडदा फाटला होता आणि पेट्रोल तिथूनच ऑइलात जात होतं. बोटांनी निदान केलं याचा त्यांना जरा अभिमानच वाटला. ऑइल बदललं, नवा पंप बसवला, जुन्याच नळ्या चढवून क्लिपा आवळल्या. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं ते चालतच राहिलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मिस्त्रींचा मात्र पडेना. प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. कोरडं. पुन्हा फिरवलं. कोरडंच. मग हत्यारं भरली आणि सायकलीवर टांग टाकली.

पुलापर्यंत आले आणि त्यांनी ब्रेक दाबला. जोड पाहिले, पण नळी? कार्बोरेटरकडची ती जुनी नळी पत्र्यामागून वळसा घेऊन जाते. तिथे बोट पोचत नाही. आजवर तिथलं काम नाकच करायचं. आणि खाली तापलेला सायलेन्सर, पलीकडे भुश्शाची पोती. त्यांनी सायकल वळवली. चढावर उतरून सायकल ढकलत धावले. धूर दिसतोय का म्हणून मान वर करायचीही त्यांना भीती वाटत होती.

जनरेटर सुखात चालला होता. मिस्त्रींनी आधी टाकीचा कॉक बंद केला, मग इंजिन.

"अहो, बंद का केलंत?" बाई धावत आल्या.

"बाई, पेट्रोलचा वास येतोय का?"

"येतोय की. मघापासून येतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इथेच उभे होता ना," बाई गोंधळून म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या नाकाला चालतोय म्हणजे चालत असेल. मी काय सांगणार तुम्हाला?"

मिस्त्री खाली बसले. पत्रा काढला. वळणावर नळीला चीर गेली होती आणि थेंब सायलेन्सरच्या कडेलाच ठिबकत होता. बाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

मिस्त्रींनी नवी नळी घातली. इंजिन चालू केलं.

"आता वाका आणि वास घ्या. नीट."

"नाही येत."

"पुन्हा घ्या. मला येत नाही, बाई. कसलाच येत नाही. हिवाळ्यापासून."

बाई वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. "नाही येत," त्या हळूच म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

"सांगा. ज्याच्या घरी इंजिन आहे त्या प्रत्येकाला सांगा."

हे बोलताना त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अंगणात जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला.

"उद्यापासून माझ्याबरोबर कामाला येशील?"

"मी? मी काय करू तिथे?"

"वास घ्यायचा."



"पेट्रोलच्या वासानं मला मळमळतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"किती वाजता निघायचं?"