माहेराला आलेली मुशी

राहू गावात, माझ्या सासरी, सुक्या मासळीच्या वासानं सगळे नाक मुरडत्यात. मुरडू देत. अब्बा दर वर्षी कोकणातून सुकी मुशी, म्हंजे बारका शार्क मासा, पाठवायचे आन् मी मागल्या दारच्या चुलीवर एकटीच भाजून खायची. यंदा पुडकं आलंच न्हाई. मला सातवा लागलेला, डोहाळे मुशीचेच. तणतणत बूथवर गेले, फोन लावला.

"मेहरुन, यंदा मुशी धरलीच नाही," अब्बा म्हणाले. शार्क वाचवणारी माणसं बंदरावर येऊन सगळ्यांशी बोलली होती. पोटुशी मुशी लांबून किनाऱ्याला पिलं घालायला येते, ती जाळ्यात सापडली तर सोडायची, असं गावानंच ठरवलं होतं.

"काल माझ्या जाळ्यात आली एक. जाळं फाडून सोडली. बाळंतपणाला आलेली पोर ती, तिला कशी धरायची?"

माझा हात पोटावर गेला. सासूनं "इथंच हो बाळंत" म्हटल्यापासून माहेराहून कुणी चौकशीलाही आलं नव्हतं.

"चांगलं केलंत, अब्बा," मी म्हणाले. "आन् मला न्यायला कवा येताय?"

"जाळं नंतर शिवीन. उद्याच निघतो," अब्बा म्हणाले. त्यांच्या मागं समुद्र वाजत होता.