पक्क्यांचा चौकीदार

ऑफिसात त्यांना सगळे पक्के म्हणत. हे काही आडनाव नव्हे. कुठल्याही कामाबद्दल विचारलं की 'जे करायचं ते पक्कं करायचं' हे त्यांचं ठरलेलं उत्तर, त्यावरून पडलेलं नाव. त्यांनाही ते आवडायचं. लोक आपल्याला मान देतायत की चिडवतायत, याचा विचार करण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

कंपनी छोटी होती. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांना लागणारं सॉफ्टवेअर बनवायची. त्याचे भाग दोन. तपासणीच्या यंत्रांकडून येणारे आकडे गोळा करायचे, तो भाग पक्क्यांचा. तो त्यांनी जुन्या, कडक शिस्तीच्या भाषेत लिहिला होता. त्या भाषेत प्रोग्रॅम चालू होण्याआधीच कंपायलर त्याची ओळ न् ओळ तपासतो आणि चूक सापडली की पुढे पाऊल टाकू देत नाही. आकड्यांचे रिपोर्ट बनवून डॉक्टरांना पाठवायचे, तो दुसरा भाग वहिनींचा. त्यांनी तो स्क्रिप्टच्या भाषेत लिहिला होता. ही भाषा लिहायला सुटसुटीत आणि बदल करायला सोपी, पण चूक राहिली तर बरेचदा चालता चालताच सांगणारी.

वहिनी म्हणजे पक्क्यांच्या थोरल्या भावाची बायको. मुलं मोठी होईपर्यंत त्या घरी होत्या, मग नव्याने शिकून, रीतसर मुलाखत देऊन इथे लागल्या. पक्क्यांनी फक्त 'जागा निघाली आहे' एवढंच सांगितलं होतं, पण चारचौघांत ते 'मी लावलं' असं सांगत. वहिनी त्यांना ऑफिसातही भावोजीच म्हणायच्या. त्यामुळे हळूहळू सगळं ऑफिसच त्यांना वहिनी म्हणू लागलं, मालकीणबाईंसकट.

नवी आवृत्ती काढायची वेळ आली तेव्हा बाईंनी ठरवलं की दोन भाषांचा हा संसार पुरे, एकच ठेवू. कुठली ठेवायची ते दोघांनी सगळ्यांसमोर मांडावं. पक्क्यांची भाषा राहिली तर रिपोर्टचं काम वहिनींच्या हातून जाणार हे उघड होतं, कारण त्या भाषेत त्यांचा हात बसलेला नव्हता. पक्क्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये.

बैठकीत आधी वहिनी बोलल्या. डॉक्टर दर आठवड्याला रिपोर्टात काहीतरी बदल मागतात, तो या भाषेत दुपारपर्यंत होतो, त्या भाषेत आठवडा लागतो. चुका चालताना कळतात हे खरं, म्हणून आपण प्रोग्रॅमच्या चाचण्या लिहितो. शांतपणे बोलल्या, मुद्द्याचं बोलल्या, आणि लोक माना डोलावू लागले. इतकी वर्षं या खोलीत मान डोलली ती पक्क्यांच्याच बोलण्यावर.

ते उठले. सुरुवात बरी केली. संख्येच्या जागी चुकून अक्षर आलं तरी वहिनींची भाषा आधी तोंड उघडत नाही, हे त्यांनी उदाहरणासह दाखवलं. मुद्दा खरा होता आणि तिथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण समोरच्या माना अजून म्हणाव्या तशा डोलत नव्हत्या. मग माणूस करतो तेच त्यांनी केलं. जीभ सैल सोडली.

"वहिनी ही भाषा स्वयंपाक करता करता शिकल्या," ते हसत म्हणाले, "आमच्याच घरात. भाजी ढवळायची आणि मधल्या वेळात प्रोग्रॅम. घरच्या कामाला झकास आहे. पण रुग्णांचे रिपोर्ट फोडणीवर सोडायचे का, एवढं ठरवा."

खोली खदखदून हसली. वहिनीही हसल्या, म्हणजे ओठांपुरत्या. हशाने पक्क्यांना चेव आला आणि त्याच भरात ते पुढे म्हणाले की आपला प्रोग्रॅम इतकी वर्षं चालू आहे, एकदाही बंद पडलेला नाही.

वहिनींनी वर बघितलं. रागाने नव्हे. चुकून कोणाच्या तरी खोलीचं दार उघडलं गेल्यावर माणूस बघतो तसं. आणि त्याच क्षणी पक्क्यांना चौकीदार आठवला.

त्यांचा प्रोग्रॅम पडायचा. रोज पडायचा. मशीनची मेमरी, म्हणजे कामापुरती घेतलेली जागा, तो परत करत नसे, ती भरत भरत जाई आणि शेवटी तो आडवा होई. सॉफ्टवेअर पहिल्यांदा ग्राहकाला द्यायच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं होतं. चूक शोधायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली, सतत पहारा देणारी. प्रोग्रॅम पडला की ती त्याला पुन्हा उभा करी. तिचं नाव त्यांनी चौकीदार ठेवलं होतं. तात्पुरती सोय म्हणून. आणि लिहिली होती त्याच भाषेत, जिला ते आत्ता घरच्या कामाची म्हणून हिणवत होते. गेल्याच महिन्यात सगळं नव्या मशीनवर हलवायचं काम वहिनींनी केलं होतं. म्हणजे त्यांनी चौकीदार पाहिला होता. उचलून, नीट पुसून नव्या जागी उभाही केला होता.

बाईंनी वहिनींना विचारलं, यावर काही म्हणायचंय का. वहिनी नाही म्हणाल्या.

निकाल तिथेच लागला. रिपोर्टचा भाग पक्के नव्याने लिहितील, वहिनी ग्राहकांचे फोन घेतील. लोकांनी पक्क्यांची पाठ थोपटली. ती थाप त्यांना चटक्यासारखी लागली, तरी त्यांनी मान हलवून ती घेतली. स्वतःची इतकी किळस त्यांना यापूर्वी कधी आली नव्हती.

दोन्ही भावांचं घर एकच, स्वयंपाकघरही एकच. संध्याकाळी जेवताना दादाने विचारलं की फोनवर का घालतायत हिला. वहिनी पोळी वाढता वाढता सहज म्हणाल्या, मीच मागून घेतलं, डोळ्यांना ताण होत होता. दादा धाकट्याकडे वळून म्हणाला, बरं झालं बाबा, तू आहेस तिथे, तुझ्या भरवशावर मी निर्धास्त असतो. दादा कधीच टोमणा मारत नसे, तो मनापासूनच बोलत होता, आणि त्यामुळेच पक्क्यांना ताटावरून उठून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. उठले नाहीत. वाढलेलं सगळं मान खाली घालून संपवलं.

वहिनी ओटा पुसत असताना ते दारात जाऊन उभे राहिले. शब्द जुळेनात. माझं चुकलं, असं काहीतरी पुटपुटले. वहिनींनी फडका पिळून वाळत घातला.

"मला कळेना बोलावं की नाही," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, घरातल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडू नये. तुम्हाला तसं वाटलं नाही, भावोजी."

वहिनींनी ओट्यावरचा दिवा मालवला.

"आणि माफी इथे नका मागू. इथे कोणी हसलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्क्यांनी सगळ्यांना पुन्हा त्याच खोलीत बोलावलं. काहीतरी दाखवायचं आहे म्हणाले. चाचणीचं मशीन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडून त्यावर आपला प्रोग्रॅम चालू केला. बोलायचं काय, हे रात्रभर घोकलं होतं, पण लोक बसल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी त्यांनी चौकीदार बंद केला आणि चाचण्या घेणाऱ्या टेस्टरला म्हणाले, भरभर आकडे सोड.

मग सगळे वाट बघत बसले. कशाची ते कोणालाच माहीत नव्हतं, पक्के आणि वहिनी सोडून. पडद्यावर मेमरीची रेघ वर सरकत होती. मेला पडतही नव्हता लवकर. खुर्च्या कुरकुरल्या, कोणी घड्याळ बघितलं, बाईंनी चष्मा काढून पुसला. आपल्याच हातचं काम कोसळावं म्हणून माणूस ताटकळत उभा आहे, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. एकदा त्यांना वाटूनही गेलं की आज नाहीच पडला तर बरं, काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल. मनात हे आलं याचीही त्यांना लाज वाटली.

शेवटी रेघ छताला टेकली आणि पडदा काळा झाला.

"हा रोज असा पडतो," पक्के म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. एक स्क्रिप्ट त्याला उचलून उभा करते. ती मीच लिहिली, त्याच भाषेत. काल मी खोटं बोललो. वहिनींना माहीत होतं, तरी त्या गप्प बसल्या. आणि स्वयंपाकाचं बोललो ते... ते तर खोट्यापेक्षा वाईट होतं. वहिनी, माफ करा."

काल सगळ्यांत मोठ्याने हसलेला टेस्टर बुटांकडे बघत होता. बाईंनी चष्मा चढवला आणि अगदी कोरडेपणाने विचारलं, "मग भाषेबद्दल आता तुमचं मत काय?"

पक्क्यांनी खरंखुरं उत्तर शोधलं. चौकीदारापायी कंपायलरचे गुण काही नाहीसे झाले नव्हते. मेमरी सांभाळायची राहिली ती त्यांच्याकडून, भाषेकडून नव्हे.

"मत तेच आहे," ते म्हणाले. "पण ते माझ्या तोंडून ऐकू नका."

ते खाली बसले. आता आपली बाजू गेली, आणि जाऊ दे, असंच त्यांना वाटत होतं. बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठून पडद्याशेजारच्या फळ्यापाशी गेल्या. जिंकायला त्यांना आता काहीच करावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं.

"कालचा भावोजींचा मुद्दा अर्धाच राहिला," त्या म्हणाल्या. "संख्येच्या जागी अक्षर आलं तर काय होतं, तो. तो बरोबर आहे. माझ्या रिपोर्टमध्ये असं एकदा झालंय, आणि चाचणीतून ते निसटलं होतं. आधी ते दाखवते, मग माझं सांगते."

आणि त्यांनी खडू घेऊन फळ्यावर आधी भावोजींचीच बाजू मांडायला सुरुवात केली, मुद्दा न् मुद्दा, कुठेही न खेचता, न वाकवता, पक्क्यांना स्वतःला कधी जमली नव्हती इतकी नीट. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. एकटे पक्के फळ्याकडे बघू शकले नाहीत.