एनिडचा गुरुवार

कॉव्हेंट्री शहर आमच्या नॉर्थॅम्प्टनपासून फार लांब नाही. पण एखाद्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवणं' म्हणजे गाडीत बसवून देणं नव्हे. माणूस जागच्या जागीच असतो, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही. पूर्वी तिथले लोक सैनिकांशी बोलत नसत, त्यावरून हे आलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. शाळेतली पोरं एकमेकांना पाठवतात. माझी आई वडिलांना अधूनमधून पाठवायची, पण तिथं त्यांना दोन्ही वेळचं गरम जेवण मिळायचं. आमच्या बुटांच्या कारखान्यात मात्र ही थट्टा नव्हती. तिथं वाळीत पडलेला माणूस शेवटी नोकरी सोडूनच जायचा.

आम्ही बायका बुटांचे वरचे भाग शिवायचो. मालकानं चहाची सुट्टी बंद केली तेव्हा आमची पुढारी डोरिस लॅब्रम म्हणाली, आत्ताच्या आत्ता यंत्रं बंद करून बाहेर पडायचं. सगळ्यांचे हात वर झाले. एनिड टेबटचा तेवढा झाला नाही. तिचं म्हणणं, आधी कळवू आणि मगच काम थांबवू असा शब्द आपण मालकाला दिलाय, तो सोयीनं मोडायचा नाही. आम्ही बाहेर पडलो, ती शिवत बसली. सुट्टी आम्हाला परत मिळाली आणि एनिड कॉव्हेंट्रीला गेली. जी तिच्याशी बोलेल तिचीही तीच गत होईल, असं डोरिसनं बजावलं.

चहा करायची आमच्यात पाळी असे. गुरुवार एनिडचा. मला वाटलं, आता कसली करतेय. पण बाईनं किटली ठेवली आणि जिच्या तिच्या आवडीप्रमाणे साखर घालून प्रत्येकीपाशी कप नेऊन ठेवला. कुणी हात लावला नाही. लढाईपासूनचं साखरेचं रेशन नुकतंच उठलेलं, आणि तो गोड चहा मोरीत गेला. तिनं कप विसळले नि कामाला बसली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. चेहऱ्यावर ना राग, ना आर्जव. शेजारची ॲग्नेस कुजबुजली, हिला लाज कशी नाही. मला तर ती सगळ्या कारखान्याची मालकीण वाटत होती. तसं बोलून दाखवायची छाती मात्र माझी झाली नाही.

नाताळानंतर डोरिसचा नवरा रेग अचानक वारला. दफन उरकून ती कामावर आली तो गुरुवार होता. आता आम्हा इंग्रजांची एक खोड सांगते. कुणाच्या घरी मरण झालं की आमची वाचाच बसते. काहीतरी भलतंच बोललं जाईल, समोरची बाई चारचौघांत रडेल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. डोरिसवर आमचा जीव होता, म्हणून तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. चहासाठी यंत्रं थांबली आणि होता तो आवाजही गेला. डोरिस एकेकीकडे बघत होती. जिच्याकडे बघे ती कात्रीशी चाळा करू लागे.

एनिड कप वाटत आली. डोरिसपाशी थांबली, शेजारचं स्टूल ओढून बसली.

"डोरिस, रेग शेवटी काही बोलला का गं?"

उत्तर द्यायचं तर डोरिसला स्वतःचाच नियम मोडावा लागणार होता. नाही द्यायचं, तर रेगबद्दल तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

"चहा मागितला," ती म्हणाली. "मी म्हटलं, ऊठ की आळशा, कर तुझा तूच. असंच, गमतीनं. मग केला मीच. घेऊन आले तर..."

एनिडनं तिचा हात धरला. "गंमतच होती ती. त्याला कळत होतं, डोरिस."

डोरिस रडली, चारचौघांत, आणि काही आभाळ कोसळलं नाही. मग तिनं डोळे पुसले, एनिडनं दिलेला कप उचलून घोट घेतला आणि आमच्याकडे वळली.

"बघताय काय? प्या."

माझा चहा पार गार झाला होता. मी थेंबही ठेवला नाही.