लॅपविंगचा धूर

जुनी बोट विकणाऱ्याला आणि लग्न जमवणाऱ्याला दोष दिसत नसतात. दलालाने गेनरला 'लॅपविंग' दाखवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दोन वर्षं रिकामी आहे, बाकी काही नाही. माणूस राहायला लागलं की खुलेल." सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशी ती लोखंडी बोट इंग्लंडातल्या मार्केट ड्रेटन गावाच्या अलीकडे कालव्याच्या काठाला शेवाळ धरून उभी होती. गेनरने तीस वर्षं एका शाळेची देखभाल केली होती. तिथला बॉयलर तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय कधी पेटत नसे. हिलाही वठणीवर आणू, असं तिला वाटलं आणि तिने बोट घेऊन टाकली.

घाई होती ती बेरिलमुळे. बेरिल तिची थोरली बहीण. फुप्फुसं निकामी होत आलेली, सहा आठवडे हॉस्पिटलात पडून. शनिवारी तिला सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की रात्रंदिवस एकसारखी ऊब असेल तरच न्या, एक गार रात्रही तिला सोसायची नाही. नाहीतर वृद्धाश्रम होताच. त्यावर बेरिलचं म्हणणं, "तिथे टाकलंस ना गे, तर पहिल्याच आठवड्यात मरेन. मुद्दाम. तुझ्या जिवाला घोर लागावा म्हणून." बहिणीला ओळखून असल्यामुळे गेनरने ते खरं मानलं.

सोमवारी ती बोटीवर आली आणि तिने बाह्या सरसावल्या. बोटीत डिझेलची शेगडी होती. मागच्या पेटीतल्या टाकीतून तेल थेंबाथेंबाने शेगडीत उतरायचं, आणि शेगडीत तापलेलं पाणी पाइपांमधून रेडिएटरांत फिरायचं. म्हणजे फिरायला हवं होतं. पहिल्या रेडिएटरवर हात भाजत होता आणि बाकीचे तीन मेल्यासारखे गार. तिने हवा काढली, पंप खोलला, गाळणी उघडली. गाळणीतून काळा, बुळबुळीत गाळ निघाला. तरी तीन रेडिएटर गारच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तिच्या लक्षात आलं, आणि तिने सरळ जमिनीच्या फळ्या उचकटायला घेतल्या.

तेवढ्यात आयव्हर आला. आयव्हर स्प्रॉस्टन पुढच्याच बोटीवर राहायचा. वय शहात्तर, त्यातली चाळीस वर्षं या कालव्यावर. हातात पाना आणि दोन कप चहा.

"पाइप चढाला लावलाय, पोरी," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. "पाणी वर चढेल कसं? त्याला काय पाय आहेत?"

"पोरी काय म्हणता? अठ्ठावन्न वर्षांची आहे मी."

"मग पोरच की. माझे बूटसुद्धा तुझ्या वयाचे आहेत."

दोघांनी मिळून दिवसभर काम केलं. फळ्यांखाली दोन बोटं पाणी साचलेलं, पाइपाचा सांधा झिरपत होता, भिंतीमागे ऊब धरायला भरलेली लोकर कुजून तिला उंदराच्या बिळाचा वास येत होता. हात घालावा तिथे काहीतरी हाताला लागत होतं. सगळी बोट अशी, आणि मागच्या झोपायच्या खोलीत, बिछान्याच्या शेजारी, चार फूट बाय तीन फुटांचा एक तुकडा मात्र कोरा करकरीत. नवं लाकूड, नीट बसवलेलं, तीन हात रंग दिलेलं. सांध्यात नख शिरू नये इतकं सफाईदार काम. खालचं लोखंडही घासून रंगवलेलं होतं.

"हे बघा, एवढाच काय तो चांगला भाग," गेनर खूश होऊन म्हणाली. "कोरडा आहे. बेरिलचा पलंग इथेच टाकते."

आयव्हर पाना पुसत होता. तो पुसतच राहिला. "इथे नको. पुढे टाक."

"पुढे ओल आहे."

"तरी पुढे टाक," तो म्हणाला, आणि चहाचा कप तसाच टाकून निघाला. दारातून बाहेर पडताना मात्र थांबला. वर धुराड्याकडे बघत म्हणाला, "इथली एक रीत सांगून ठेवतो. आम्ही सारखी कोणाची दारं वाजवत नाही. सकाळी उठलं की शेजारच्या धुराड्याकडे बघायचं. धूर असेल तर माणूस बरा आहे. नसेल तर छतावर तीन थापा मारायच्या आणि आतून आवाज येईपर्यंत थांबायचं."

गेनरला ही रीत आवडली. त्या संध्याकाळी चारही रेडिएटर तापले. ती त्या नव्या लाकडावरच गादी टाकून झोपली.

मंगळवारी उजाडता उजाडता तिला जाग आली ती थंडीने. श्वासाची वाफ दिसत होती. शेगडी विझली होती. ती उठून बसते न बसते तोच बरोबर डोक्यावर, छताच्या पत्र्यावर तीन थापा पडल्या. सावकाश, मोजून मारल्यासारख्या.

"आहे! जिवंत आहे!" ती ओरडली.

मग बोट किंचित कलली, कोणीतरी उतरल्यासारखी. तिने कोट अडकवून दार उघडलं. काठाच्या वाटेवर धुकं, बदकं, आणि माणूस कोणी नाही. मागची पेटी उघडून पाहिली तर टाकीत तेल भरपूर, तेलाची चावी उघडी. तिने शेगडी पेटवली. एका काडीत पेटली, काही झालंच नव्हतं जणू.

बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. तिने गाळणी दोनदा बदलली, तेलाची नळी फुंकून पाहिली, धुराडं खरवडून साफ केलं. दिवसभर शेगडी देवळातल्या समईसारखी शांत जळायची. पहाटे विझायची. मग तीन थापा, आणि त्याही पुढे नाहीत, मध्ये नाहीत, नेमक्या त्या नव्या लाकडाच्या वर. गुरुवारी तिने लगेच उत्तर दिलं नाही. अंधारात पांघरूण तोंडावर ओढून ती गप्प पडून राहिली. पुन्हा तीन थापा पडल्या. पुन्हा तीन, आता घाईघाईने. मग पत्र्यावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, नखांनी खरवडल्यासारखा. "आहे मी, आहे!" ती किंचाळली. आवाज थांबला.

"आयव्हर, सकाळी माझ्या छतावर कोण येतं?" तिने दुपारी विचारलं.

"मी नाही बघितलं," तो म्हणाला. पाच वाजता उठणारा माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

भुताखेतांवर गेनरचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थांबते असं नाही. शिवाय दिवस एकच उरला होता. भूत असो की गाळ, पहाटे विझणाऱ्या शेगडीजवळ ती बेरिलला आणू शकत नव्हती. शुक्रवारी ती साडेचारलाच उठली आणि बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या खोबणीत, टाकीशेजारी अंग चोरून बसली. लोखंडाचा गारठा हाडांत शिरत होता. पाचच्या सुमारास बोट किंचित कलली. डोक्यावरचं झाकण आवाज न करता उचललं गेलं. राखाडी उजेडाची एक फट पडली आणि त्या फटीतून एक हात आत आला. लोकरी हातमोजा घातलेला, बोटांची टोकं उघडी. हात चाचपडला नाही. तो सरळ तेलाच्या चावीवर गेला आणि त्याने ती बंद केली.

गेनरने मनगट धरलं.

वरचा माणूस ओरडला नाही. ओढाओढही केली नाही. ते मनगट त्याने तसंच तिच्या हातात राहू दिलं.

"आयव्हर?"

"हो," वरून आवाज आला. "मीच आहे, पोरी."

तिने त्याला आत ओढून शेगडीपुढे बसवलं आणि तोंडाला येईल ते बोलली. "माझ्या बहिणीचा जीव जाईल! एका गार रात्रीत! ठाऊक आहे ना तुम्हाला? माझ्याबरोबर पाइप बसवले तुम्ही, मला चहा पाजलात, आणि पहाटे उठून हे धंदे?"

तो ऐकून घेत होता. ती दमली तेव्हा तो त्या नव्या लाकडाकडे बोट करून म्हणाला, "ते मी बसवलं. जुनं काढावं लागलं होतं."

"का?"

"लेन तिथे पडला होता. ही बोट त्याची." आयव्हरने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत. त्याला ताप होता. म्हणाला, टाकी भरून दे रे. मी माझ्या कॅनने काठोकाठ भरली. म्हटलं, झोप तू, मी तुझ्या धुरावर लक्ष ठेवतो. आणि ठेवलं. रोज सकाळी बघायचो. धूर सरळ वर. चला, लेन बरा आहे. अकरा दिवस."

गेनरने त्या लाकडावरची आपली गादी बाजूला ओढली.

"आम्ही सगळे शेगडीत कोळसा जाळणारे. कोळशाला माणूस लागतो. त्याने कोळसा घातला नाही तर दुसऱ्या दिवशी शेगडी विझते, धूर खोटं बोलत नाही. ह्या शेगडीला कोणी लागत नाही. टाकीत तेल आहे तोवर ती जळते, शेजारी कोण पडलंय ते बघत नाही. हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. धूर आहे म्हणजे आग आहे, एवढंच. माणूस आहे असं कुठे?" तो थांबला. "डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तीन दिवस जिवंत होता तो. उठता येत नव्हतं. तीन दिवस, पोरी. आणि मी बाहेरून बघून जात होतो."

"म्हणून चावी बंद करता."

"धूर बंद झाला की मला थाप मारता येते. तू ओरडलीस की बरं वाटतं. मग चावी उघडून जातो. काल तू ओरडली नाहीस तेव्हा..." त्याने बोटांकडे पाहिलं. नखं तुटली होती.

गेनरला त्याची दया आली. खूप आली. पण दयेने खोली तापत नाही. तिने स्वतःला सांगितलं की आधी बेरिल, मग जग. तिने त्याच दिवशी पेटीला कुलूप आणून लावलं आणि त्याला स्पष्ट बजावलं, "आयव्हर, आता पुरे. शेगडीला हात लावायचा नाही आणि छतावर थापा मारायच्या नाहीत. तिला झोप लागणं मुश्किल असतं, दचकली की धाप लागते. मी आहे ना आत."

"बरं," तो म्हणाला.

शनिवारी बेरिल आली. ऊब अंगाला लागताच खुर्चीत टेकून म्हणाली, "अगं बाई! हे तर पावाच्या भट्टीत आल्यासारखं वाटतंय. भाजून खाणार आहेस का मला?" रविवार गेला, सोमवार गेला. शेगडी एकदाही विझली नाही. थापा पडल्या नाहीत. आयव्हर काठावरून जाताना मान हलवायचा, बोलायचा नाही.

मंगळवारी गेनर औषधं आणायला गावात गेली. तासाभराचं काम, पण बर्फ पडलं आणि परतीची बस आलीच नाही. ती चालत निघाली. पुलावर पोहोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. खाली लॅपविंग दिसत होती, छतावर पांढरा थर, आणि धुराड्यातून धूर सरळ वर चाललेला. चला, सगळं ठीक आहे, तिच्या मनात आलं.

मग तिचे पाय जागीच थबकले. त्या धुराकडे बघून ती कधी नव्हे इतकी घाबरली. औषधांची पिशवी छातीशी धरून ती पुलाच्या उतारावरून घसरत, पडत धावली.

दार उघडलं तेव्हा आत छान ऊब होती. बेरिल पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती, एक पाय अंगाखाली मुडपलेला, ओठ निळे.

"पाणी घ्यायला उठले गं," ती तुटक श्वासांत म्हणाली. "बारा वाजल्यापासून... अशीच. ओरडायला श्वास पुरेना."

गेनरने तिला उचलून पलंगावर टेकवलं, तोंडात औषधाचा फवारा दिला, पाठ चोळली. रुग्णवाहिकेला फोन केला. हळूहळू बेरिलच्या ओठांना रंग आला. डोळे मिटून ती म्हणाली, "कोणीतरी आलं होतं. तीनदा. काठावर, इथे माझ्या डोक्यापाशी यायचं आणि थांबायचं. खूप वेळ थांबायचं. मला वाटायचं, आता हाक मारेल. मग निघून जायचं. कोण गं ते?"

रुग्णवाहिकेतली माणसं येऊन तपासून गेली. पाय मुरगळलाय, मोडला नाही, नशीब म्हणायचं, असं सांगून गेली. बेरिलला झोप लागल्यावर गेनर बाहेर आली. काठावरच्या बर्फात पावलांची वाट पडली होती, आयव्हरच्या दारापासून लॅपविंगपर्यंत आणि परत. लॅपविंगपाशी एके जागी बर्फ पार तुडवून चिखल झाला होता.

आयव्हर दारातच उभा होता. रुग्णवाहिका त्याने पाहिली होती. त्याचा चेहरा बर्फाइतका पांढरा पडला होता.

"आहे ती," गेनर म्हणाली. "बरी आहे."

त्याने दाराची चौकट धरली. "मी तीनदा आलो होतो," तो म्हणाला. "धूर होता. आणि तू म्हणाली होतीस, थापा मारायच्या नाहीत."

"हो. मी म्हणाले होते."

तिने खिशातून तेलाच्या पेटीच्या कुलपाची किल्ली काढली आणि त्याच्या हातमोज्यातल्या हातात ठेवली. त्याने ती घेतली नाही, सोडलीही नाही. तिनेच त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"धूर असो नसो, सकाळी सहाला या," ती म्हणाली. "आणि बेरिल आतून शिवी देईपर्यंत छतावर ठोका."